मदत हवी आहे: रोबोट प्रोग्रामिंग शिकू की टिग पाइप वेल्डिंग?

भोसरीत एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात नऊ वर्षं मिग वेल्डिंगच्या (वायर आपोआप पुढे येणारं वेल्डिंग) एसपीएमवर, म्हणजे एकाच कामासाठी बनवलेल्या खास मशीनवर, ऑपरेटर आहे. वय ३४, आयटीआय वेल्डर, डिप्लोमा नाही. दिवाळीनंतर शेजारच्या लाइनवर दोन रोबोट बसले आणि तिथल्या तिघांपैकी एकच जण राहिला, तोही फक्त पार्ट लोड करायला. पुढच्या टप्प्यात माझं मशीन जाणार, असं सुपरवायझरांनी सांगितलंय.

रोबोटजवळ उभं राहून जमेल तेवढं शिकलो. पार्टमध्ये दीड मिमी गॅप आला की रोबोट आपला ठरलेल्या रेषेत जातो आणि बीड (वेल्डची रेघ) जॉइंटच्या बाजूला पडतो. टॉर्चचा पॉइंट किती सरकवायला हवा ते मला बघताच कळतं, पण टीच पेंडंटला (रोबोटला हालचाली शिकवायचा हातातला कंट्रोलर) पासवर्ड आहे. मेंटेनन्सवाल्यांना दोनदा विचारलं, "ते तुमचं काम नाही" म्हणाले. चिंचवडच्या एका खासगी क्लासवाल्याने पंधरा दिवसांचे ४० हजार सांगितले. एवढे जमणार नाहीत, माझी मर्यादा २० हजार. वेळ फक्त रविवारी. गावाला किंवा गल्फला जाणं सध्या शक्य नाही.

दुसरा रस्ता म्हणजे टिगवर (टंगस्टन इलेक्ट्रोडने, हाताने करायचं वेल्डिंग) ६जी पाइपचा, म्हणजे तिरक्या, न फिरणाऱ्या पाइपच्या जॉइंटचा, सराव करून आयबीआरची (बॉयलरच्या सरकारी नियमांखालची) वेल्डर परीक्षा देणं. बॉयलर आणि पाइपिंगच्या साइटवर हाताचं काम अजून बरंच आहे, पण माझा टिगचा हात आयटीआयनंतर सुटलाय.

चाकण-भोसरीत रोबोट सेलवर काम करणाऱ्यांनी कृपया सांगा: डिप्लोमा नसलेल्या वेल्डरला पेंडंटवर खरंच घेतात का, की मी सरळ टिगच धरू?