शब्दचर्चा: सिक्युरिटी मॉनिटरिंगला ‘जागल’ म्हणावं का?

नागपुरातल्या आमच्या टीमसाठी फाल्को या सिक्युरिटी मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरची मराठी माहितीपुस्तिका लिहितोय. सिसडिग कंपनीने २०१६ साली सुरू केलेलं हे मुक्तस्रोत साधन आम्ही सोर्स कोडपासून बिल्ड करतो: आधी सीमेक आणि मेक ही बिल्डची साधनं, मग डॉकर इमेज, म्हणजे ज्यातून कंटेनर चालू होतो तो साचा. ‘कंटेनर’ (प्रोग्राम इतरांपासून वेगळा चालवायची पेटी) तसाच ठेवला. मालाच्या कंटेनरचे ड्रायव्हरही तेच म्हणतात. अडलं ते मॉनिटरिंगपाशी.

‘पाळत’ माणसावर ठेवतात, तीही चोरून. ‘टेहळणी’ शत्रूची. ‘देखरेख’ कामावर असते, चोरावर नाही. काटोलकडे आमच्या शेतात हरभरा घाट्यावर आला की आजोबा जागलीला जायचे. मचाणावर बॅटरी आणि टिनाचा डबा. धुऱ्यावर रानडुकराची चाहूल लागली की डबा बडवायचे, खाली उतरून मागे धावायचे नाहीत. फाल्कोही असंच. कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, प्रोग्राम जी मागणी करतात ते सिस्टीम कॉल ऐकत बसतं, चालत्या कंटेनरात कुणी शेल (हुकूम टाइप करायची जागा) उघडला की इशारा देतं. स्वतः अडवत नाही.

— शब्द आवडला भाऊ. पण पेपरात ‘जागल्या’ व्हिसलब्लोअरसाठी वापरतात, वाचणारा गोंधळेल. अन् बिल्डला काय लिहिलं? आम्ही तर दिवसभर ‘बिल्ड होऊन राहिला’ म्हणतो.

— जागल्या म्हणजे माणूस, जागल हे काम. मी कामाचंच नाव घेतोय. बिल्डला ‘बांधणी’ लिहिलं.

— बांधणी पुरत नाही. पुस्तकबांधणीत छापून आलेले फर्मे शिवतात. इथे तर सी प्लस प्लसच्या कोडपासून सुरुवात आहे. ‘घडण’ बघा.

— मग दोन्ही लागतील! आमची डॉकरफाइल, म्हणजे इमेज करायची कृती, दोन टप्प्यांची आहे. पहिल्यात कोडचा चालवता येणारा प्रोग्राम, म्हणजे बायनरी, करणारा कंपायलर चालतो, ती घडण. दुसऱ्यात तयार बायनरी आणि नियमांच्या फाइली तेवढ्या उचलून इमेज होते, ती बांधणी. कंपायलर मागेच राहतो. हा फरक इतका स्वच्छ मला आधी दिसला नव्हता, मनापासून आभार.

— डिप्लॉयला ‘तैनात’ नको, सरकारी वाटतं.

— वेबसाइट तैनात केली म्हटलं तर मलाही खुपतं. पण राखणीला ठेवलेली गोष्ट तैनातच ना? तरी बोलताना आपण ‘सर्व्हरवर बसवलं’ म्हणतो, तेच लिहीन.

— एक भर घाला. मी पहिल्यांदा विशेष अधिकार न देताच कंटेनर चालवला, तर फाल्को सुरूच होईना. मचाणावरून शेत दिसायला हवं. होस्टचं, म्हणजे ज्या मशीनवर कंटेनर चालतो तिचं, प्रॉक (चालू प्रोग्रामांची माहिती देणारं फोल्डर) आत जोडायचं, अधिकार द्यायचे, हेही लिहा.

— लिहिलं: ‘होस्टचं प्रॉक जोडून फाल्को जागलीला बसवा.’