अनुभव धागा: उन्हाळ्याची घरची सरबतं (प्रमाणासकट लिहा!)

कैरीची_फोड
मंडईत कैऱ्यांचे ढीग लागलेत. बघून चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं पन्हं आठवलं, म्हणून हा धागा. आठवणी थोडक्यात, प्रमाणं सविस्तर, एवढीच अट.

सुरुवात उकडलेल्या पन्ह्यापासून. १ किलो कडक कैऱ्या घ्या. देठाकडचा भाग कापून अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा म्हणजे चीक निघून जातो. हे टाळलं की घसा खवखवतो आणि बिचाऱ्या गुळाला बोल लागतो. मग कैऱ्या कोरड्या डब्यात ठेवून कुकरला ३ शिट्ट्या. डब्यात पाणी घालायचं नाही, नाहीतर साली फुटून अर्धा आंबटपणा त्या पाण्यात उतरतो. सालीला आतून चिकटलेला गर चमच्याने खरवडून घ्या. सगळा गर पुरणयंत्रातून काढा आणि वजन करा. वाटीचं माप फसतं, कारण गर कधी दाट असतो कधी सैल. राजापुरी असेल तर गराइतकाच गूळ, गावठी असेल तर दीडपट. गूळ गरम गरातच किसून घाला. वेलदोड्याची पूड, केशर, पाव चमचा मीठ. पेल्याला ३ मोठे चमचे गर, वर माठातलं पाणी.

सदाशिव_पेठी
राजापुरी पन्ह्याला?? ती साखरांब्याची कैरी. आंबटपणा नाही तर पन्हं कसलं, गुळाचं पाणी.

कैरीची_फोड
म्हणून तर गूळ कमी सांगितला ना! गर भरपूर निघतो, दोराही कमी. गावठी कैरीला पुरणयंत्र फिरवताना हात दुखून येतो.

उपासाची_भगर
गूळ थेट गरात नको. आधी २-३ चमचे पाण्यात गरम करून गाळून घ्या. काड्या, वाळू, काय काय निघतं. गडद गुळाने पन्हं चहाच्या रंगाचं होतं पण चवीला छान लागतं. पाहुण्यांसाठी पिवळा गूळ, घरच्यांसाठी काळा :)

कच्च्या कैरीचं करणार असाल तर लोखंडी विळीवर चिरू नका, काळपट पडतं. स्टीलची किसणी. आणि ते त्याच दिवशी संपवायचं.

रातांबा
कोकम कुणीच लिहिलं नाही अजून? असो. दुकानातलं आगळ (कोकमाचा खारा रस) आणि अमृतकोकम (साखरेतला गोड पाक) एक नव्हे. आगळात मीठ असतं, ते सोलकढीचं. त्याचं सरबत करायचं तर साखर घाला, वरून परत मीठ घालू नका.

अमृतकोकम घरी करायला ताजे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं हवीत. धुऊन पूर्ण पुसून अर्धे करा, बिया काढा. १ किलो सालींना २ किलो साखर. काचेच्या बरणीत साल, साखर, साल, साखर असे थर, वरचा थर साखरेचाच. तोंडाला फडकं बांधून ७-८ दिवस उन्हात. रोज कोरड्या लाकडी चमच्याने तळापासून ढवळायचं, कारण साखर खाली बसून दगड होते, वरच्या साली उघड्या पडतात आणि बुरशी तिथेच धरते. पाण्याचा थेंबही नको. गाळून २ चमचे भाजलेल्या जिऱ्याची भरड आणि २ चमचे मीठ. ॲल्युमिनियम, पितळेचं भांडं वापरू नका, आंबटाने कळकतं. उरलेल्या साली वाळवून आमटीत.

कोथरूडची_ताई
@रातांबा बाल्कनीत ऊन सकाळी दोनच तास येतं. चालेल?

रातांबा
चालेल हो ताई, १२-१५ दिवस धरा. साखर पूर्ण विरघळली की झालं. रात्री बरणी आत घ्या, मुंग्या.

भरड_जिरं
लिंबू सरबताचा पाक: १ वाटी रस, अडीच वाट्या साखर, १ वाटी पाणी. साखर-पाण्याला उकळी आणून पूर्ण गार करा, मग रस. गरम पाकात रस घातला की ताजेपणा गेला. लिंबू शेवटच्या थेंबापर्यंत पिळू नका, साल आणि बिया चेंगरल्या की कडवटपणा येतो. बिया लगेच गाळा.

सदाशिव_पेठी
लिंबांचे भाव बघितलेत का? अडीच वाट्या साखर परवडेल, १ वाटी रस नाही.

भरड_जिरं
हस्त बहाराचं (पावसाळा संपताना फुलणाऱ्या झाडाचं) लिंबू आहे काका, उन्हाळ्यात माल कमी, भाव असणारच. पावसाळ्यात स्वस्त झालं की रसाचे बर्फाचे खडे करून ठेवा.

बाटलीबंद
टिकवण्याबद्दल थोडं, कारण दरवर्षी कुणाच्या तरी बाटलीचं बूच उडतं. साखर एकूण वजनाच्या दोन तृतीयांश असली की पाक स्वतःच टिकतो. त्याहून कमी असेल तर फ्रीज किंवा प्रिझर्वेटिव्ह.

इथे बरेच जण चुकतात. पोटॅशियम मेटाबायसल्फाईट (केएमएस) लिंबू, कैरी, अननस यांना ठीक. कोकम, जांभूळ, काळी द्राक्षं यांना नको, लाल-जांभळा रंग फिका पडतो. त्यांना सोडियम बेंझोएट. प्रमाण १ किलो तयार सरबताला केएमएस ०.६ ग्रॅम, बेंझोएट ०.७ ग्रॅम. चिमटीने मोजू नका, सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा घ्या. आधी चमचाभर पाण्यात विरघळवून, सरबत गार झाल्यावर घाला. गरमात केएमएसचा वायू उडून जातो. घरात कुणाला दमा असेल तर केएमएस टाळाच. बाटल्या काचेच्या, २० मिनिटं उकळून वाळवलेल्या, वर दोन बोटं जागा सोडून. बुडबुडे दिसले, आंबूस वास आला तर ओतून द्या. उकळून वाचवायला जाऊ नका.

कोथरूडची_ताई
सेव्ह केलं 🙏

जुन्नरकर
काळ्या द्राक्षांचा रस फ्रीजमध्ये ठेवला की तळाशी काचेसारखे खडे दिसतात. काच नाही ती! द्राक्षातलं टार्टारिक आम्लच क्षाररूपाने खाली बसतं. एक रात्र थंड ठेवून वरचा रस अलगद ओतून घ्या, मगच बाटलीत भरा. द्राक्षं मिक्सरला लावू नका, बी फुटून तुरट होतं. हाताने कुस्करून मंद आचेवर वाफ दिसेपर्यंतच गरम करा, गाळा. उकळू द्यायचं नाही.

उपासाची_भगर
मिक्सरवरून आठवलं, दुपारी १ ते ४ मिक्सर लावू नये. खालचे काका वर येतात.

सदाशिव_पेठी
आणि योग्यच करतात.

दूध_नासलं
अननसाचा मिल्कशेक कडू का होतो? ताजाच होता.

बाटलीबंद
कच्च्या अननसातलं ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं. फोडी साखरेबरोबर १० मिनिटं शिजवून गार करा, मग दूध. पपईचंही तसंच, पण ती शिजवून कोण पिणार. केला की लगेच प्यायचा.

अंजीरवाडी
पुरंदरची अंजिरं संपायच्या आत: देठाचा पांढरा चीक कापून टाका, साल काढा, ४ अंजिरं, १ पेला गार दूध. साखर आधी घालू नका, चाखून बघा.

भरड_जिरं
सब्जा कुणी घालतं का? १ चमच्याला १ वाटी पाणी, २० मिनिटं. थेट सरबतात टाकला तर गोळे होतात, साखरेच्या पाण्यात नीट फुगतही नाही.

कोथरूडची_ताई
मस्तानी या धाग्यात चालेल का?

सदाशिव_पेठी
ते सरबत नाही. ते जेवण आहे.

कैरीची_फोड
@रातांबा पुण्यात ताजे रातांबे नक्की कुठे मिळतात ते लिहा ना. मंडईत विचारलं तर आमसुलं पुढे केली.