१९६७चा अली विरुद्ध १९८८चा टायसन: नियम कोणते आणि जिंकणार कोण?

वीसफुटी_रिंग
मुहम्मद अली आणि माइक टायसन ऐन भरात समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं, हा वाद दर वेळी "अली नाचत राहील" आणि "टायसन एका हुकात झोपवेल" या दोन वाक्यांवर येऊन अडतो (हुक म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा). मला त्याच्या पुढे जायचं आहे, म्हणून आधी तारखा पक्क्या करतो.

अली: २२ मार्च १९६७, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. झोरा फॉलीला सातव्या फेरीत पाडलं तो दिवस. वय २५, २९ लढती, २९ विजय.
टायसन: २७ जून १९८८, अटलांटिक सिटी. मायकल स्पिंक्स ९१ सेकंदांत आडवा. वय २१, ३५ पैकी ३५.

उंची ६ फूट ३ विरुद्ध ५ फूट १०, रीच ७८ इंच विरुद्ध ७१. वजनात टायसनच सहा-सात पौंडांनी जड. रीचमधलं सात इंचांचं अंतर टायसन कसं कापेल? अलीचा खाली सोडलेला उजवा हात टायसनच्या डाव्या हुकसमोर टिकेल का? आणि फेऱ्या १२ धरायच्या की १५?

कोपऱ्यातलं_स्टूल
पहिली दुरुस्ती: ते अंतर सात इंच नाही. रीच म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं माप. त्यात छाती आणि दोन्ही हात आले. एका हाताचा फरक निघतो साडेतीन इंच. टायसनचं डोकं एका जागी नसतं, हे धरलं तर तेवढं अंतर अर्ध्या पावलाचं आहे.

दुसरं, पुरावा कोणता धरायचा. अलीची सर्वोत्तम लढत म्हणून सगळे नोव्हेंबर १९६६ची क्लीव्हलँड विल्यम्सशी झालेली दाखवतात. पण १९६४ मध्ये पोलिसाची गोळी लागून विल्यम्सचं एक मूत्रपिंड गेलं होतं. स्पिंक्स मुळात लाइट हेवीवेट, म्हणजे खालच्या वजनगटातला. जानेवारी १९८८ मध्ये टायसनसमोर आलेला लॅरी होम्स ३८ वर्षांचा, जवळजवळ दोन वर्षं रिंगबाहेर. या तिन्ही लढती बघायला सुंदर आहेत, पण त्यांच्यावरून इथला निकाल लावता येत नाही.

खरा उपयोगी पुरावा २२ नोव्हेंबर १९६५चा, लास वेगास, अली विरुद्ध फ्लॉइड पॅटरसन. पॅटरसन आणि टायसन, दोघेही कस डिमाटोच्या हाताखाली घडलेले, दोघांची शैली तीच 'पीकाबू': ग्लोव्हज गालफडांना चिकटलेले, कोपरं बरगड्यांवर, छाती जवळजवळ समोर. अलीने ती शैली बारा फेऱ्या समोर पाहिली आणि मग लढत थांबवली गेली. पॅटरसनची पाठ त्या दिवशी दुखावलेली होती हे खरं, पण समोर वळलेल्या छातीवर जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) कसा बसतो ते त्यात स्वच्छ दिसतं. माझं मत अलीच्या बाजूने.

डावा_हुक
पॅटरसनचं उदाहरण अर्धंच लागू पडतं. तो लांबून उडी मारून हुक टाकायचा आणि हवेत असताना त्याला दिशा बदलता यायची नाही. टायसन उडी मारत नाही. तो जॅबच्या बाहेरच्या बाजूला डोकं काढतो, त्याच हालचालीत पुढचा पाय आत टाकतो आणि ठोसा सुटतो तेव्हा वजन आधीच त्या पायावर आलेलं असतं.

आता अलीचा इतिहास बघा. १९६२ मध्ये सॉनी बँक्सने पाडलं, डाव्या हुकने. १८ जून १९६३ला वेम्बलीत हेन्री कूपरने चौथ्या फेरीच्या शेवटी पाडलं, डाव्या हुकने, आणि घंटा झाली म्हणून पुढचा ठोसा पडला नाही. ८ मार्च १९७१ला पंधराव्या फेरीत जो फ्रेझरने पाडलं, तेही डाव्या हुकने. हा योगायोग नाही. अली ठोसा चुकवताना खाली वाकत नाही, सरळ मागे झुकतो आणि उजवा हात छातीपर्यंत खाली असतो. पहिला ठोसा नाकापासून दोन बोटांवरून जातो, पण तेवढ्यात टाचा अडकतात, पाठ वाकलेली असते आणि दुसऱ्या ठोशापासून सरकायला जागा उरत नाही. पाठीशी दोर असतील तर अजूनच नाही.

टायसन एकटा ठोसा टाकतच नाही. उजवा बरगडीवर, तोच उजवा अपरकट म्हणून वर, आणि मग डावा हुक. बरगडीवर बसला की कोपर खाली येतं, आणि मागे झुकणं अर्ध्यात थांबतं. पहिल्या चार फेऱ्यांत अली किमान एकदा तरी खाली बसेल, यावर मी ठाम आहे.

मिठी_सोडा
बसेल, पण उठेल. त्या तिन्ही वेळी तो उठला आणि त्यातल्या दोन लढती जिंकला.

टायसनची अडचण मिठीत आहे. ७ मार्च १९८७ला जेम्स 'बोनक्रशर' स्मिथने बारा फेऱ्या त्याला धरून ठेवलं, आणि टायसन मिठीत हात चालवण्याऐवजी रेफरीची वाट बघत उभा राहिला. पीकाबूचा सगळा जोर तालावर असतो. डोकं हललं, पाय आला, ठोसा सुटला. मिठीने ताल तुटतो आणि दर वेळी शून्यापासून आत यावं लागतं. पण सोयीने वर्षं मिसळू नका. डाव्या हाताने मान दाबून धरण्याची युक्ती ही जानेवारी १९७४च्या, दुसऱ्या फ्रेझर लढतीतल्या अलीची. १९६७चा अली पायांवर वाचायचा. त्याला नंतरची हुशारी उसनी द्यायची असेल तर नंतरचे जड पायही द्यावे लागतील.

म्हणून रिंगचं माप ठरवायलाच हवं. दोरांच्या आत २० फूट असेल तर ४०० चौरस फूट, १८ असेल तर ३२४. दोन फुटांत जवळजवळ पाचवा हिस्सा जागा गेली. १८ फुटांत मी टायसनवर पैज लावेन, २० फुटांत अलीवर.

दहा_गुण
फेऱ्यांचा हिशोब करू. हल्लीच्या पद्धतीत फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, एकदा खाली बसला तर ८.

१२ फेऱ्या, टायसनने ५ घेतल्या आणि त्यातल्या एकीत अलीला पाडलं: अली ११४–११३. तसंच दोन वेगवेगळ्या फेऱ्यांत पाडलं: ११३–११३, बरोबरी. म्हणजे नॉकआउट न करताही दोन नॉकडाउन टायसनला बरोबरीपर्यंत आणतात. १५ फेऱ्यांत मात्र शेवटच्या तीन अलीकडेच जातील असं मला वाटतं, आणि तीच बरोबरी १४३–१४० होते. टायसन १२च्या पुढे कधी गेलाच नव्हता. अली चुवालो आणि टेरेलशी पूर्ण १५ खेळला होता.

यंत्राने हे ठरवावं असं सुचवणाऱ्यांसाठी: जानेवारी १९७०ला असा एक प्रयोग चित्रपटगृहांत दाखवला होता. संगणकाच्या निकालानुसार जुना विजेता रॉकी मार्सियानो अलीला तेराव्या फेरीत पाडतो, पण युरोपात अली जिंकतो असा शेवट दाखवला गेला. दोघांनी वेगवेगळे शेवट आधीच चित्रित करून ठेवले होते.

वीसफुटी_रिंग
रीचची दुरुस्ती मान्य. मग रिंग २० फूट, फेऱ्या १५. आता सांगा, पहिल्या चार फेऱ्या जिवंत बाहेर पडायला अलीने नेमकं काय करावं?

कोपऱ्यातलं_स्टूल
जॅब डोक्यावर मारायचा नाही, छातीच्या हाडावर मारायचा. डोकं हलतं, छाती तेवढी हलत नाही. तिथे बसला की टायसनचा पुढचा पाय हवेत असतानाच शरीर थांबतं आणि ठोशात वजन येत नाही.

मग खोटा जॅब. खांदा फक्त चार इंच हलवायचा. टायसन खांदा बघून डोकं बाहेर काढतो, आणि ते जिथे जाणार तिथे उजवा सरळ टाकायचा. टायसनला हरवणाऱ्या डग्लसने फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत जॅब एकटा ठेवला नाही, दोन-दोन टाकले आणि मागून उजवा आणला. त्याला मोठा मार बसला तो आठव्या फेरीत, तोही अपरकटचा, आणि तो उठला. टायसनची तयारी त्या वर्षी ढासळलेली होती, तरी रस्ता तोच.

सगळ्यात महत्त्वाचं: अलीने स्वतःच्या उजवीकडे फिरायचं. सवयीने तो डावीकडेही तेवढाच फिरतो, पण डावा हुक अलीच्या उजव्या बाजूनेच येतो ना, मग तिकडे का जायचं?

डावा_हुक
नको, उलटं झालं. उजवीकडे गेला तर थेट हुकात चालत जाईल. डावीकडेच फिरावं, टायसनच्या उजव्या हाताकडे. हुकला लांबचा फेरा पडतो आणि प्रत्येक वेळी टायसनला पाय नव्याने मांडावे लागतात.

कोपऱ्यातलं_स्टूल
बरोबर, चूक माझी. डावीकडे. आणि उजवा ग्लोव्ह गालावर, निदान पहिल्या चार फेऱ्या.