प्रोपगंडाला ‘प्रचार’ म्हणायचं का? आणि पोलरायझेशनला?

पानगळ
एका लेखाचा अनुवाद करते आहे. समाजमाध्यमांवरून प्रोपगंडा कसा पसरतो आणि त्यातून राजकीय पोलरायझेशन कसं वाढतं, असा विषय आहे. तिसऱ्याच वाक्यात अडले. मी ‘अपप्रचार’ लिहिलं होतं, संपादकांनी ‘अप’ खोडला. त्यांचं म्हणणं, लेखक ज्या मजकुराबद्दल बोलतोय त्यातला बराचसा खोटा नाहीच. फोटो खरा, तारीख खरी, फक्त आधीचं आणि नंतरचं गाळलेलं. मुद्दा पटला. पण नुसतं ‘प्रचार’ वाचलं की मला साक्षरतेचा प्रचार आठवतो, फार तर निवडणुकीचा. दोन्ही उघड्यावर चालतात, कोण करतंय ते दिसतं. प्रोपगंडात नेमकं तेच दिसत नाही.

दुसरा शब्द पोलरायझेशन. ‘ध्रुवीकरण’ रूढ आहे, पण आईला वाचून दाखवलं तर तिने विचारलं, “म्हणजे माणसांचं नेमकं काय होतं?” मला चटकन सांगता आलं नाही. काय वापरू?

जुना जुळारी
तीस वर्षं मुद्रितं तपासली. ‘प्रचार’ला वाईट वास नाही हे खरं, पण ‘प्रचारकी’ला आहे. प्रचारकी नाटक, प्रचारकी कविता म्हटलं की मराठी वाचकाला पुढचं सांगावं लागत नाही. मजकूर खोटा असलाच पाहिजे असंही त्यात नाही. ‘प्रचारकी मजकूर’ लिहा, संपादक हरकत घेणार नाहीत.

वाटसरू
‘प्रचारकी’मध्ये कलेची टीका आहे, धोक्याची सूचना नाही. प्रचारकी नाटकाने प्रेक्षक कंटाळतो. प्रोपगंडाने माणूस शेजाऱ्याचा द्वेष करायला लागतो. सरळ ‘प्रोपगंडा’ लिहा. पेन्सिल, टेबल चालतं, मग यालाच का अडवायचं?

फांदी
मूळ शब्दाबद्दल थोडं, कारण मला तो फार आवडतो. १६२२ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मप्रसारासाठी एक मंडळ स्थापलं. त्याच्या लॅटिन नावात ‘प्रोपगंडा’ होता, म्हणजे ‘जो पसरवायचा आहे तो’. तिथे तो विश्वासाला लावलेला होता आणि त्यात वाईट काही नव्हतं. पण त्याच्याही मागचं क्रियापद बागेतलं आहे: वेलीची फांदी वाकवून मातीत दाबायची आणि मुळं फुटली की मूळ वेलीपासून तोडायची. आपण याला दाब कलम म्हणतो.

मी रोपवाटिकेत काम केलंय. कलम तोडून लावलं की ते कुठल्या वेलीचं हे वर्षभराने कुणालाच सांगता येत नाही. पुढे पाठवलेल्या संदेशाचं अगदी हेच होतं. आजच्या अर्थाच्या जवळ जाणारं मराठीत काही असेल तर ते ‘कलम’ आहे.

वाटसरू
व्युत्पत्ती सुंदर आहे, पण तिच्यावरून आजचा अर्थ ठरत नाही. पोर्तुगीजमध्ये याच ‘प्रोपगंडा’चा रोजचा अर्थ जाहिरात. बी तेच, झाड वेगळं. आणि ‘कलम’ लिहिलं की वाचकाला आधी कायद्याचं कलम आठवेल.

आत्याबाई
सगळे प्रचारभोवतीच फिरताय. आपल्याकडे या कामाची केवढी क्रियापदं आहेत! पुडी सोडणे. कंड्या पिकवणे. वावड्या उठवणे. आवई उठणे. प्रत्येकात माणूस वेगळा आहे. पुडी सोडणाऱ्याला ती पुडी आहे हे पक्कं ठाऊक असतं, तो सोडून बाजूला होतो आणि मजा बघतो. आवईला मात्र कर्ताच नाही, ती आपली आपण उठते. २०१७ साली युरोपच्या परिषदेसाठी झालेल्या एका अहवालात जाणूनबुजून पेरलेली खोटी माहिती आणि नकळत पसरलेली खोटी माहिती असा फरक केला होता. आपण त्यासाठी ‘अपमाहिती’, ‘कुमाहिती’ असले शब्द पाडत बसलो. पुडी आणि आवई आधीपासून घरात होत्या.

आमच्या कुटुंबाच्या गटावर एकदा एका दंगलीचा व्हिडिओ आला. तो दुसऱ्याच देशातला, कित्येक वर्षांपूर्वीचा निघाला. पाठवला होता माझ्या सख्ख्या भावाने. त्याने पुडी सोडली नव्हती, तो घाबरला होता. पण गटातल्या एका घराशी आमचं बोलणं तेव्हापासून तुटलं ते तुटलंच. म्हणून मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. भावाला प्रोपगंडा करणारा म्हणणं मला जमणार नाही, आणि त्याने काहीच केलं नाही असंही म्हणता येणार नाही.

कोरा कागद
आत्याबाई, तुमच्या भावासारख्यांच्या हातूनच बहुतेक काम होतं. २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एमआयटीच्या संशोधकांचा अभ्यास आला होता. ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त होती. १,५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सहापट वेळ लागत होता. आणि हा फरक स्वयंचलित खात्यांमुळे नव्हता, ती खरं आणि खोटं सारख्याच वेगाने पसरवत होती. फरक माणसांमुळे पडत होता. तेव्हा पुडी एकाची, पण तिची वावडी हजारजण करतात, आणि दोन्ही मिळून जे होतं त्याला शब्द हवा. ‘अपप्रचार’ मला अजूनही बरा वाटतो. ‘अप’ म्हणजे खोटं असंच कशाला धरायचं? अपव्ययातला पैसा खोटा नसतो.

जुना जुळारी
‘अपव्यय’चा दाखला चांगला आहे. तरी वापरात ‘अपप्रचार’ म्हणजे ‘आमच्याविरुद्ध खोटं बोलतात’ एवढंच उरलंय. प्रत्येक पक्ष दुसऱ्याच्या प्रचाराला अपप्रचार म्हणतो. शब्दच एका बाजूचा झाला, की तो वापरणारा लेखही एका बाजूचा वाटतो.

मास्तरीण
ध्रुवीकरणावर कुणी बोललंच नाही. मी भौतिकशास्त्र शिकवते. प्रकाशाच्या पोलरायझेशनला आम्ही ‘ध्रुवण’ म्हणतो आणि त्यात दोन टोकं नसतातच. सगळ्या दिशांनी होणारी कंपनं एकाच प्रतलात उरतात. राजकारणातला अर्थ दोन टोकांचा, म्हणजे चुंबकाकडून आलेला. मुलं दरवर्षी इथे गोंधळतात.

पण संस्कृतात ‘ध्रुव’ म्हणजे अढळ, न हलणारा. ध्रुवबाळाला मिळालं ते अढळपद. मग ध्रुवीकरण म्हणजे माणसं एकमेकांपासून लांब जाणं नव्हे, आपापल्या जागी न हलणारी होणं. मला हे मूळ इंग्रजी शब्दापेक्षा खरं वाटतं. पानगळ, आईंना एवढंच सांगा: माणसं हलायची थांबतात.

वाटसरू
ही अर्थाची ओढाताण आहे. ध्रुवीकरण हा शब्द घडवला गेला तो पोलसाठी ‘ध्रुव’ घेऊन, ध्रुवबाळ त्यात नंतर शिरला. साधं मराठी आहे ना: दोन तट पडले.

फांदी
तट पडणे छानच! आणि ‘तटस्थ’ त्यातूनच. तट म्हणजे काठ, तटस्थ म्हणजे काठावर उभा राहून प्रवाह बघणारा. पण तट पडले की काठावर उभा राहणारा कुठल्या तरी तटातच गणला जातो. समाजमाध्यमांवर गप्प बसणाऱ्याला आज हेच ऐकावं लागतं.

जुना जुळारी
‘तट पडणे’मधला तट नदीचा नाही, किल्ल्याचा असावा. तटबंदीतला. माणसं आपापल्या भिंतीआड जातात.

फांदी
मग ‘पडणे’ कसं जमवणार? किल्ल्याचा तट पडला तर भिंत उरतच नाही.

जुना जुळारी
‘भेद पडणे’, ‘फूट पडणे’मधलं पडणे आहे ते. कोसळणे नव्हे.

कोरा कागद
तट कुठलाही असो, एका शब्दाने भागणार नाही. मतं लांब जाणं वेगळं आणि समोरच्या माणसाबद्दल मन कडू होणं वेगळं. दुसऱ्याला मराठीत ‘तेढ’ आहे. अमेरिकेत २०१८ च्या निवडणुकीआधी काही लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावून एक प्रयोग झाला. धोरणांबद्दलच्या मतांमधलं अंतर कमी झालं, राजकीय विरोधकांबद्दलच्या कडवटपणात मात्र ठळक फरक दिसला नाही. शिवाय बातम्यांची माहितीही कमी झाली. दोन्हींना ‘ध्रुवीकरण’ लिहिलंत तर हा निष्कर्ष अनुवादात सांगताच येणार नाही.

आत्याबाई
तेढ. आमच्या घरात झाली ती तेढच. मतं आमची आजही फारशी वेगळी नाहीत.

पानगळ
सगळ्यांचे आभार. लेख पुन्हा वाचला. लेखकाने पहिल्या अर्ध्या भागात एक अर्थ घेतलाय आणि नंतर दुसरा, आणि शब्द एकच ठेवलाय. तिथे ‘तेढ’ घालायचा मोह होतोय, पण मग मी अनुवादक राहिले की दुरुस्ती करणारी झाले, ते कळत नाही. प्रोपगंडा अजून पेन्सिलीने लिहिलेला आहे.

जाता जाता आणखी एक अडचण. संदेश ‘फॉरवर्ड करणे’ला संपादकांनी ‘पुढे ढकलणे’ केलंय. परीक्षा पुढे ढकलतात!

जुना जुळारी
‘पुढे धाडणे’ करा.

वाटसरू
धाडणाऱ्याला निदान माहीत असतं तो काय धाडतोय. ‘ढकलणे’ राहू द्या.