शाळेत कॉम्प्युटर शिकवायला, शिक्षकांना मदत करायला कधी गेलात का? अनुभव सांगा

सिडकोवाली

काल माळा आवरताना बिस्किटाच्या जुन्या डब्यात माऊसचा रबरी गोळा सापडला. लेक म्हणे आई हा कसला चेंडू. तिला सांगितलं, आधी माऊसच्या पोटात हा असायचा, हलेनासा झाला की उलटा करून झाकण फिरवायचं आणि आतल्या बारक्या रुळांवरचा मळ नखाने खरवडायचा. सांगता सांगता एकदम २००५ सालची पेठ तालुक्यातली ती जिल्हा परिषदेची शाळा डोळ्यासमोर आली.

मी कॉलेजला होते, मावशी त्या शाळेवर बाई. शाळेला एक कॉम्प्युटर मिळाला होता पण तो हेडमास्तरांच्या खोलीत टेबलक्लॉथ पांघरून, खोलीला कुलूप. बिघडला तर भरपाई कोणी द्यायची ही धास्ती. तेव्हा शिक्षकांना एमएससीआयटीची सक्ती होती, नाही केली तर वेतनवाढ अडकायची, त्यामुळे मावशीने कोर्स केलेला, पासही झालेली, पण पोरांसमोर बटण दाबायचं म्हटलं की हात थरथरायचा. मला म्हणाली तूच ये ना शनिवारी, सकाळची शाळा असते, तू शिकव मुलांना.

गेले. पहिल्या शनिवारी सगळं मीच केलं, चालू मी केलं, पेंट मी उघडलं, चित्रं मी काढली, पोरं तोंडात बोट घालून बघतायत आणि मावशी मागे भिंतीला टेकून उभी. पुढच्या शनिवारी लाईटच नव्हती. तिसऱ्या वेळी मी माऊस मावशीच्या हाताखाली सरकवला आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिले. तिने गोल काढायला घेतला, तो वेडावाकडा झाला, मागून एक पोरगी ओरडली "बाईंनी नागलीची भाकर काढली!" सगळा वर्ग हसला, मावशी पण हसली, आणि तिने त्या भाकरीखाली चूल काढली, मग जाळ काढला, लाल रंग भरला. त्या दिवशी तासभर तीच शिकवत होती. मी मुलांनाच शिकवत बसले असते ना तर मी नाशिकला परत आल्यावर त्यावर पुन्हा टेबलक्लॉथ पडला असता, हे मला फार उशिरा कळलं.

तुम्ही पण लिहा. शिक्षक असाल, मदतीला गेला असाल, किंवा तेव्हा बाकावर बसलेले असाल तरी लिहा.

द्राक्षबाग

ताई एक नंबर. टेबलक्लॉथ वाचून शाळाच आठवली. आमच्या निफाडकडच्या शाळेत खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा असायची, झेंडूचा हार, नारळ, सगळं. कीबोर्डच्या फटीत गेलेलं हळदीकुंकू वर्षभर निघायचं नाही. पण त्याच दिवशी गुरुजी सगळ्यांना रांगेने हात लावू द्यायचे म्हणून आम्ही वाट बघायचो दसऱ्याची.

घाटावरचा मास्तर

मी सुरगाण्याकडे शिक्षक आहे, जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

सिडकोवाली ताई तुमची मावशी मला माझ्याच शाळेत रोज दिसते. आमच्या एक ज्येष्ठ बाई, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली, अतिशय हुशार, जुन्या फॉन्टवर मराठी टायपिंग धडाधड करायच्या. मुलांना मराठी टाईप करायला शिकवायचं ठरलं आणि नेमक्या बाईच अडल्या. का तर वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी आधी दाबायची आणि अक्षर नंतर, आपण हाताने काढतो तसंच. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या मराठी टायपिंगमध्ये, उलटं, आधी श मग वेलांटी. बाई "नाशिक" टाईप करायच्या आणि ना नंतर ते ठिपक्याठिपक्यांचं वर्तुळ यायचं. तीनदा आलं, बाई उठल्या, म्हणाल्या मला नाही जमत आता, तुम्ही तरुण लोक बघा.

दुसऱ्या दिवशी मी पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून आणला, इन्स्क्रिप्टचा, म्हणजे इंग्रजी कीबोर्डच्या कुठल्या बटणावर कुठलं मराठी अक्षर ती मांडणी. बाईंना म्हटलं मशीन राहू द्या, हे बघा, डाव्या हाताला सगळे काने मात्रे वेलांट्या, उजव्या हाताला व्यंजनं, म्हणजे आधी उजवा हात मग डावा, बाराखडी म्हणतो तसं. क ला वेलांटी कि. बोलताना आपण क आधी म्हणतो का वेलांटी आधी? बाई दोन मिनिटं गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या "अहो हे तर मी पहिलीला चाळीस वर्षं शिकवतेय." झालं! नाशिक म्हणजे व्ही, ई, शिफ्ट धरून एम, एफ, के. आता चौथीची पोरं तो पुठ्ठा घरी नेतात, रात्री भाकरी होईस्तोवर त्यावर बोटं चालवतात, घरात कॉम्प्युटर नसला तरी. ज्याला "त्र्यंबक" न बघता जमलं त्याचा मान मोठा. एल डी जे डी स्लॅश एक्स वाय के. एका पोराने ते स्वतःच्या हातावर पेनाने लिहून ठेवलंय.

घंटा झाली, नंतर लिहितो

पंचवटीतली आई

मास्तर डोळ्यात पाणी आणलंत.. "पहिलीला चाळीस वर्षं"

रिपेरवाला

एमजी रोडला माझं कामच हे आहे, त्यामुळे शाळांची मशीनं खूप बघितली. सांगू का, शाळेत "बंद पडलाय" म्हणून कोपऱ्यात टाकलेल्यातले निम्मे बिघडलेले नसतातच. दिंडोरीकडच्या एका शाळेत गेलो, चालू केला की बीप बीप आणि स्क्रीन काळी. सरांनी नवीन घ्यायला लोकवर्गणीची तयारी चालवलेली. मी एका पोरीला म्हटलं तुझं खोडरबर दे. स्विच बंद, वायर काढली, रॅम म्हणजे मेमरीची पट्टी बाहेर ओढली, तिच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर फिरवलं, भुगा फुंकला, परत बसवली, चालू. पोरगी खोडरबर कंपासपेटीत ठेवायलाच तयार नाही, सगळ्यांना दाखवत फिरली. पण मी निघालो नाही, सरांकडून तेच दोनदा करून घेतलं, कारण पुढच्या पावसाळ्यात दमट हवेत ते परत होणार आणि तेव्हा मी नसणार.

दुसरं, लाईट गेली की तारीख मागे जाते, २००९ दाखवते. मग साईट उघडत नाही, सुरक्षित नाही असा मेसेज येतो आणि सगळे इंटरनेटवाल्याच्या नावाने ओरडतात. मदरबोर्डवरचा गोल सेल संपलेला असतो बस. सीआर २०३२ मागा, कुठेही मिळतो.

आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला म्हणून जुनी मशीनं भंगारात देऊ नका हात जोडून विनंती. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाका, ऑफिसच्या कामाला लिब्रेऑफिस, पोरांना चित्रं काढायला टक्स पेंट, सगळं फुकट. इंटरनेट नसलेल्या शाळेत मी किविक्स टाकून देतो, मराठी विकिपीडिया नेट नसताना उघडतो त्यात.

द्राक्षबाग

दादा तो सेल वजनकाट्याला पण हाच लागतो का? आमचा घरचा छोटा काटा बंद आहे

रिपेरवाला

बऱ्याच काट्यांना हाच असतो, जुना काढून त्यावरचा नंबर बघा आणि मगच घ्या

पंचवटीतली आई

माझा अनुभव उलट्या बाजूचा. लॉकडाऊनला मुलगा तिसरीत. त्याच्या बाईंचं वय जास्त, व्हिडिओ कॉल सुरू केला की त्यांचं फक्त कपाळ दिसायचं. मी रोज संध्याकाळी फोनवर सांगायचे, बाई मोबाईल डब्याला टेकवा, अजून जरा खाली. पंधरा दिवसांनी बाईंनी स्वतःहून मला फोन केला, पुस्तकावरचा तो चौकोन स्कॅन करून कविता ऐकवायची कशी? मी शिकवलं. मग कळलं की वर्गातल्या निम्म्या मुलांकडे दिवसा फोनच नाही, बापाबरोबर सातपूरला कंपनीत जातो आणि रात्री आठला घरी येतो. तर बाई रात्री आठनंतर एकेका घरी फोन लावून पाढे म्हणून घ्यायच्या. तंत्रज्ञान आम्ही शिकवलं असं आम्हाला वाटत होतं, पण फोन घरी कधी येतो हे फक्त बाईंना माहीत होतं.

तो क्यूआर कोड पाठ्यपुस्तकात आणायची कल्पना मुळात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींची. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळालं आणि अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली. झेडपीचा शिक्षक! मला अजून ऊर भरून येतो.

घाटावरचा मास्तर

आलो परत. ताई अगदी खरं. एक मनातलं बोलतो, आम्हा शिक्षकांना कॉम्प्युटर भेटला तो माहिती भरायला. सरल, यूडायस ही शाळेच्या माहितीची सरकारी पोर्टलं भरा, पोषण आहाराची रोजची संख्या भरा, आजच्या आज भरा. त्यामुळे स्क्रीन दिसली की पोटात गोळा. पोरांना घेऊन चित्र काढायला बसण्याइतका निवांतपणा त्या यंत्राशी कधी जुळलाच नाही. म्हणून बाहेरून कोणी मदतीला आलं आणि पहिल्याच दिवशी एक्सेल उघडलं की आमचे लोक मनातून उठतात. आधी काहीतरी मजेचं करू द्या.

बाकावरची

मी त्या बाकावरची. इगतपुरी तालुका, एक कॉम्प्युटर, आम्ही एकतीस जण. माऊस कायम मोठ्या पोरांच्या हातात, आम्ही मुली मागून बघायचो. आमच्या बाईंनी एक दिवस खडूने जमिनीवर रांगेची रेघ मारली आणि मुलींना पुढे उभं केलं, प्रत्येकीला पाच मिनिटं, घड्याळ लावून. मला त्या पाच मिनिटांत फक्त माझं नाव लिहिता आलं, तेही काना राहिला. पुढे मुक्त विद्यापीठातून शिकले, आज नाशिकरोडला ऑफिसात दिवसभर कीबोर्डवरच काम असतं. बाई आता नाहीत.

पंचवटीतली आई

🙏🙏

सिडकोवाली

काना राहिला.. काय बोलू ग. सगळ्यांचं वाचलं, स्वयंपाक तसाच राहिलाय. मावशीला फोनवर वाचून दाखवलं, ती बहात्तरची झाली आता. भाकरीचं ऐकून खूप हसली आणि म्हणाली ती ओरडणारी पोरगी आता अंगणवाडी सेविका आहे, मोबाईलवर सगळं स्वतः भरते. आणि मास्तर, तिने विचारलंय की तो पुठ्ठ्याचा कीबोर्ड किती मापाचा करायचा, सोसायटीतल्या पोरांसाठी करायचाय तिला.

घाटावरचा मास्तर

मावशींना नमस्कार सांगा. मिठाईच्या एक किलोच्या खोक्याचं झाकण घ्या, बरोबर बसतं. पट्टीने दीड-दीड सेंटीमीटरची घरं आखा, पोरांच्या बोटाला पुरतात. आणि एफ आणि जे वर डिंकाचा एकेक थेंब टाकून वाळू द्या, खऱ्या कीबोर्डवर असतो तसा उंचवटा होतो, बोटाला न बघता जागा सापडते.