मदत हवी आहे: चालू मोहिमेत 'डी अँड डी'ची २०२४ची आवृत्ती आणावी का?

मंडळी, कोल्हापुरात राजारामपुरीत दर रविवारी आमचं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चं (डी अँड डी, फासे टाकून पात्रं वठवायचा खेळ) टेबल बसतं, एकच लांबलचक कथा, म्हणजे मोहीम, चालू आहे. पाच खेळाडू, पात्रं सहाव्या लेव्हलची, नियम २०१४चे. दोघांना २०२४चं प्लेअर्स हँडबुक (खेळाडूंचं नियमपुस्तक) हवंय, तिघं जुन्यावर ठाम.

दोन्ही एकत्र चालवता येतात, पण अडतं ते इथं. जुना पॅलाडिन (पवित्र योद्ध्याचा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार) एका टर्नमधल्या प्रत्येक घावावर स्माइट (जादा इजा करणारी दैवी शक्ती) लावू शकतो; नव्यात तो बोनस ॲक्शनचा (टर्नमधल्या एका जादा कृतीचा) स्पेल, म्हणजे टर्नला एकदाच. 'क्युअर वून्ड्स' हा जखमा भरणारा स्पेल १डी८चा (आठ बाजूंचा एक फासा) २डी८ झालाय. नव्या फायटरकडं (लढवय्याकडं) 'टॉपल', म्हणजे समोरच्याला पाडायचं शस्त्रकौशल्य, असलं की प्रत्येक घावाला समोरच्याचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (तग धरण्यासाठी टाकायचा फासा), आणि लढाई रेंगाळते. एक्झॉशन (थकव्याचा नियम) मात्र सगळ्यांना एकच हवं. माझ्या मते नवंच, थकव्याच्या दर पातळीला डी२०वर (वीस बाजूंच्या फाशावर) उणे २ आणि वेग ५ फूट कमी. लक्षात ठेवायला सोपं.

खर्चाचा प्रश्न नाही, एसआरडी ५.२ (नव्या आवृत्तीचे खुले केलेले मूळ नियम) फुकट मिळतं. पण त्यात प्रत्येक क्लासचा एकच सबक्लास (उपप्रकार) आहे, त्यामुळं तिघांची पात्रं अडकतात.

कुणी चालू मोहीम बदलली असेल तर सांगा: सगळी पात्रं एकाच दिवशी बदललीत, की ज्याची त्यानं पुढच्या लेव्हलला? आणि २०१४चे मॉन्स्टर नव्या पात्रांपुढं टिकतात का, की आकडे वाढवावे लागतात?