मदत हवी आहे: शाळेच्या पेपरातला लेख प्रिन्सिपलनी अडवला, शुक्रवारी छपाई आहे

अनघा_के
आम्ही अमेरिकेत असतो. मुलगी अकरावीत, शाळेच्या पेपरची संपादक आहे. व्हेपिंगवर (ई-सिगारेट ओढण्यावर) दोन पानी लेख तयार आहे. काल प्रिन्सिपलनी अ‍ॅडव्हायजर बाईंना (पेपरवर देखरेख करणाऱ्या शिक्षिकेला) सांगितलं की लेख जाणार नाही, फर्पाचा (विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदी गुप्त ठेवण्याच्या कायद्याचा) भंग होतो आणि शाळेची बदनामी होते. शुक्रवारी फाइल छापायला जाते. त्यांना असं अडवता येतं का? नुसतं "वकील गाठा" नको, नक्की काय करायचं ते सांगा.

मुक्काम_डॅलस
अडवता येतं. हेझलवूडचा निकाल, 1988. मिसुरीतल्या एका शाळेत विद्यार्थिनींचं गरोदरपण आणि पालकांचे घटस्फोट यांवरचे लेख होते, तर प्रिन्सिपलनी ती दोन पानंच काढून टाकली. सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 3 मतांनी शाळेची बाजू घेतली. पेपर वर्गात निघत असेल आणि शाळेने शैक्षणिक हेतूशी सुसंगत कारण दिलं, तर कोर्ट सहसा मध्ये पडत नाही. मुलांना स्वतःची वेबसाइट काढू द्या आणि लेख तिथे टाका. शाळेशी भांडण नको.

शाईपेन
राज्य विचारल्याशिवाय हेझलवूड सांगू नका. अनघाताई, कुठलं राज्य? शाळा पब्लिक (म्हणजे सरकारी) की प्रायव्हेट? पेपर वर्गात निघतो की क्लबतर्फे? मनाई लेखी आहे का? लेखात मुलांची नावं आहेत का?

अनघा_के
कॅलिफोर्निया, बे एरिया. राज्याने काय फरक पडतो? अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट एकच आहे ना. पब्लिक स्कूल, जर्नलिझमच्या वर्गात निघतो. मनाई तोंडी.

शाईपेन
तिथेच सगळा फरक पडतो. हेझलवूड ही किमान पातळी आहे, राज्याला त्याहून जास्त संरक्षण देता येतं. कॅलिफोर्नियाने ते हेझलवूडच्या आधीच, 1977 मध्ये दिलं: एज्युकेशन कोड, कलम 48907. मजकूर अश्लील असेल, बदनामीकारक असेल, किंवा मुलांना बेकायदा कृत्याला, शाळेचे नियम मोडायला किंवा कामकाजात मोठा गोंधळ घालायला चिथावणारा असेल, तरच अडवता येतो. ते सिद्ध करण्याची जबाबदारी शाळेची, आणि तीही विनाविलंब. "शाळेची बदनामी होते" हे त्या यादीत नाही. कायद्यातली बदनामी म्हणजे कुणाबद्दल तरी खोटं विधान. खरी पण अडचणीची बातमी त्यात बसत नाही.

आज संध्याकाळी मुलीने (तुम्ही नाही, संपादक म्हणून तिने) प्रिन्सिपलना ईमेल करावा: कलम 48907 मधल्या कोणत्या कारणाखाली, लेखातल्या कोणत्या वाक्यांसाठी मनाई आहे ते उद्या दुपारपर्यंत लेखी कळवावं. प्रत डिस्ट्रिक्टच्या (भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) सुपरिंटेंडेंटना. या विषयावरची शाळा-बोर्डाची लेखी पॉलिसी डिस्ट्रिक्टच्या साइटवर असते, तिचा क्रमांक पत्रात घाला. सोबत स्टुडंट प्रेस लॉ सेंटर या विद्यार्थी पत्रकारांना कायदेशीर मदत करणाऱ्या संस्थेच्या हॉटलाइनला लिहा. मोफत आहे, 1974 पासून हेच काम करतात. 2019 मध्ये स्टॉकटनच्या बेअर क्रीक हायस्कूलमध्ये डिस्ट्रिक्टने छपाईआधी लेख दाखवा म्हणून अ‍ॅडव्हायजरना नोकरीची धमकी दिली होती. शेवटी बाहेरच्या वकिलाने लेख वाचला आणि तो छापून आला.

बाईंना पुढे करू नका. त्यांना सूडाच्या कारवाईपासून याच कलमात संरक्षण आहे, पण पत्र मुलांचंच हवं.

कोथरूड_ते_क्यूपर्टिनो
व्हेपमधल्या निकोटीनबद्दल पालकांनी मुलांशी आधीच बोलायला हवं. तसंच अकरावीत कॉलेज प्रवेशासाठी शाळेच्या काउन्सेलरचं शिफारसपत्र लागणार असतं, वाकडं घेऊ नका.

अनघा_के
शिफारसपत्राबद्दल विचारलेलं नाही. फर्पाचं काय ते कोणी सांगेल का?

शाईपेन
फर्पा शाळेला बांधतो, पत्रकार मुलांना नाही. शाळेच्या ताब्यातल्या शैक्षणिक नोंदी शाळेने उघड करू नयेत, एवढाच त्याचा विषय. विद्यार्थ्याने स्वतःहून मुलाखतीत सांगितलेली गोष्ट ही शाळेची नोंद नव्हे. शाळेच्या ऑफिसातून काही घेतलं आहे का?

अनघा_के
सस्पेन्शनचा आकडा एका शिक्षकांनी सांगितला. मुलाखती तीन, नावं बदललेली. एका मुलाच्या हातात व्हेप असलेला फोटो आहे, चेहरा नाही. मथळा "निम्मी शाळा व्हेप करते", गूगल फॉर्मच्या सर्व्हेवरून.

मुक्काम_डॅलस
हेच म्हणत होतो. कलम काहीही असो, हा लेख असाच छापणं चूक आहे. त्याच 48907 मध्ये मजकूर पत्रकारितेच्या दर्जाला उतरतो का हे पाहण्याची जबाबदारी अ‍ॅडव्हायजरवर टाकली आहे.

शाईपेन
बरोबर, अ‍ॅडव्हायजरवर. प्रिन्सिपलवर नाही. आणि दर्जा सुधारून घेणं वेगळं, लेख मारणं वेगळं.

उपसंपादक_सोलापूर
दोघांचं भांडण बाजूला ठेवून लेखाचं बघू. सर्व्हेला उत्तरं किती आली, लिंक कुठे टाकली होती?

अनघा_के
शाळा साधारण 1,900 मुलांची. उत्तरं 140. लिंक मुलांच्या इन्स्टा स्टोरीवर.

उपसंपादक_सोलापूर
मग मथळा आजच बदला. ज्यांना विषयात रस होता त्यांनीच फॉर्म भरला, एकाने दोनदाही भरला असेल. "निम्मी शाळा" हे विधान टिकत नाही आणि प्रिन्सिपल नेमकं तेच धरतील. "उत्तर देणाऱ्या 140 पैकी इतक्यांनी" असं मजकुरात येऊ दे. मथळा मुलाखतींवरून करा.

सस्पेन्शनचा आकडा ऐकीव आहे. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण विभागाच्या डेटाक्वेस्ट साइटवर शाळानिहाय सस्पेन्शन कारणांच्या वर्गवारीसह मिळतात. तिथला आकडा वर्ष देऊन छापा, म्हणजे त्या शिक्षकांचाही प्रश्न मिटला. चालू वर्षाचा हवा असेल तर पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्टखाली अर्ज करा. पण उत्तराला 10 दिवसांची मुदत असते आणि ती आणखी 14 दिवस वाढवता येते, शुक्रवारला उपयोग नाही.

नाव बदलणं मला पटत नाही. खोटं नाव त्याच शाळेतल्या दुसऱ्या मुलाचं निघू शकतं. "एक विद्यार्थी" पुरे. मग वाक्य न वाक्य तपासा: "वॉटर पोलो खेळणारा बारावीतला मुलगा, ज्याचा भाऊ नववीत आहे" असं असेल तर वर्गाला पहिल्या ओळीत कळतं. फोटोत मनगटावरचा बँड, अंगठी, बाहीवरचा लोगो बघा. खरं तर फोटो काढूनच टाका. नावं कोणाला माहीत असावीत? वार्ताहर, संपादक, बस. मुलाखतींच्या नोंदी शाळेच्या गूगल खात्यात असतील तर आजच हलवा, ते खातं डिस्ट्रिक्टच्या अ‍ॅडमिनला उघडता येतं. आणि मुलाखती रेकॉर्ड केल्या असतील तर त्या मुलांची परवानगी होती का? खाजगी संभाषण सगळ्यांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणं कॅलिफोर्नियात गुन्हा आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, प्रिन्सिपलची बाजू लेखात आहे का?

अनघा_के
नाही. त्यांनी भेटच दिली नाही. रेकॉर्डिंग विचारून केलं होतं. नोंदी शाळेच्याच ड्राइव्हवर आहेत, हलवायला सांगते.

उपसंपादक_सोलापूर
भेट कशाला हवी? पाच नेमके प्रश्न ईमेलने पाठवा: स्वच्छतागृहांत डिटेक्टर आहेत का, पहिल्यांदा सापडल्यावर काय होतं, सोडवणुकीसाठी मदत कोण करतं, असे. उत्तराची वेळ लिहा, गुरुवार दुपारी 3. आलं तर छापा, नाही आलं तर "गुरुवार दुपारपर्यंत उत्तर मिळालं नाही" असं छापा. हे प्रश्न आणि शाईपेन यांचं कलमाचं पत्र दोन वेगळ्या ईमेलमध्ये जाऊ द्या. एकत्र पाठवलं तर धमकी देऊन उत्तर मागितल्यासारखं वाटेल.

मुक्काम_डॅलस
हे मान्य. तरी वेबसाइट तयार ठेवा. शाळेबाहेरच्या अभिव्यक्तीबद्दल 2021 चा महनॉय निकाल 8 विरुद्ध 1 मतांनी विद्यार्थिनीच्या बाजूने आहे.

शाईपेन
तो चिअरलीडिंगच्या मुलीच्या स्नॅपचॅट पोस्टबद्दल होता. वेबसाइटवर मजकुराची सगळी जबाबदारी मुलांवर आणि पालकांवर येते, वर अ‍ॅडव्हायजरची नजर नाही. अधिकार असलेली जागा आपण होऊन का सोडायची?

अनघा_के
प्रश्नांचा ईमेल गेला, कलमाचं पत्र मुलगी लिहितेय. मथळा बदलला, फोटो काढला. त्या जागी चौकट टाकावी की तक्ता?

उपसंपादक_सोलापूर
तक्ता. डेटाक्वेस्टची तीन वर्षं शेजारी शेजारी, खाली स्रोत.

एडिसनकर
आमच्या न्यू जर्सीत असं कलम आहे का? मुलगा नववीत आहे, पुढच्या वर्षी पेपरात जाणार.

शाईपेन
आहे, डिसेंबर 2021 पासून. पब्लिक स्कूल असेल तर डिस्ट्रिक्टची लेखी पॉलिसी आत्ताच मागून ठेवा.